‘का’च्या पुढचं

झरीच्या भुजंगानं हैदराबादेत बाई ठेवलीय, तिचं नाव ‘का’वरून आहे, आणि गड्याची छाती अशी की देवांच्या रांगेत त्यानं तिचंही नाव घेतलं, तेही रेकॉर्डवर, अशी बोलवा त्या वर्षी परभणीच्या बाजारात उठली होती. मिरचीच्या पालापासून कचेरीसमोरच्या चहाच्या हॉटेलापर्यंत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे कांताबाई. कुणी म्हणे कामरुन्निसा. एक जण तर गळ्याची शपथ घेऊन सांगायचा की ती एका बड्या अंमलदाराची बायको आहे, म्हणूनच कंपनीनं नाव अर्ध्यात कापलं.

भुजंग मेंढरांमागं फिरणारा माणूस. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि बोलायला बसवलं तर दिवसाकाठी चार शब्द, त्यातले दोन कुत्र्याशी. त्याला हैदराबादेत बाई मिळाली कधी आणि तिच्याशी तो बोलला काय, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. चांगली बातमी हाती लागल्यावर तिचा घरपत्ता कोण विचारतो?

या सगळ्यात एक गंमत होती. भुजंगाच्या लग्नाच्या बायकोचं नाव कासाबाई. ‘का’ तिच्याही नावात होता, चांगला पहिलाच. पण तिचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. लग्नाच्या बायकोत कसली आलीय बातमी?

कासाबाई पिंगळीहून झरीला नांदायला आली ती निजामाच्या अमदानीत. उंच, हाडापेरानं सणसणीत, आणि हात असे की बोलता बोलता लोकरीची चाती फिरत राहायची, सूत कधी तुटायचं नाही. सासू भिवराबाई म्हणजे झरीचं दुसरं पोलीस ठाणं. तिच्यासमोर सुनेनं मोठ्यानं हसायचं नाही, आणि लेकानं बायकोला नावानं हाक मारायची तर बातच सोडा. तसं त्या काळी कुणीच मारत नव्हतं. कुणी ‘अगं ए’ म्हणायचा, कुणी ‘ऐकलं का’, कुणी थोरल्या पोराच्या नावानं हाक मारून बायकोला बोलवायचा. भुजंगाला पोर नव्हतं आणि शब्दांचा कंटाळा होता. मेंढरं वळवायला तो टाळूला जीभ लावून ‘टक्’ असा आवाज काढायचा, तोच बायकोसाठीही चालवायचा. त्यामुळं पुष्कळदा कासाबाईबरोबर एखादी मेंढीही घरात यायची.

पण हाच माणूस ओवीला उभा राहिला की पंचक्रोशी गोळा व्हायची. धनगरांची ओवी म्हणजे कानात बोट घालून, मान वर करून गायची गोष्ट. म्होरक्यानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी झील ओढायची. भुजंग म्होरक्या. त्याच्या मागं अंगद. अंगद हा त्याचा चुलतभाऊ, गळ्यानं बरा आणि जिभेनं त्याहून बरा.

पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. झरीच्या माळावर लोकर कातरायचं काम चाललं होतं आणि दुपारच्या विसाव्याला भुजंगानं ओवी धरली. गोष्ट अशी, की नदीला पूर आलाय, मेंढरं अल्याड आणि मेंढक्याची बायको पल्याड, आणि तो काठावरून तिला हाक मारतोय. नेहमी तिथं ‘माझी नार’ असं यायचं. त्या दिवशी काय झालं देव जाणे. भुजंगाच्या तोंडून निघालं, ‘कासाबाई’.

मग काय! कातऱ्या थांबल्या. ढोलवाला थाप विसरला. अंगदानं झील ओढायच्या ऐवजी शिट्टी ओढली. भिवराबाईनं अर्धी कातरलेली मेंढी तशीच सोडली आणि उभी राहून म्हणाली, “आज नाव घ्यायलास, उद्या लुगडं नेसशील!” पुढचे कितीतरी दिवस माणसं भुजंगाला नदीकाठच्या आवाजात हाका मारत होती. त्यानंतर त्यानं ती गोष्ट कधी गायलीच नाही.

आणि कासाबाई? ती त्या वेळी विहिरीवर पाणी शेंदत होती.

घागर घेऊन आली तर सगळा माळ तिच्याकडं बघून हसतोय. शेजारची कस्तुराबाई पुढं आली आणि तिला कोपरखळी देऊन म्हणाली, “गाजलं की गं तुजं नाव!”

“कामून? म्या काय केलं?”

“तू न्हाई केलं बाई, तुज्या मालकानं केलं.”

मग कस्तुराबाईनं सगळं सांगितलं. कासाबाईनं ऐकून घेतलं, घागर खाली ठेवली, आणि हळूच विचारलं, “कसं म्हनले?”

“असं. लांबवून. काऽऽसाबाई.”

“अजून एकदा म्हन.”

कस्तुराबाईनं अजून एकदा म्हटलं. पण कस्तुराबाईचा आवाज म्हणजे रहाट. सगळ्या झरीनं, मेंढ्यांनी आणि कुत्र्यांनीसुद्धा ते ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते एकटीनं. त्या दिवसापासून कासाबाईच्या मनात एवढी एकच गोष्ट राहिली. त्या तोंडून आपलं नाव एकदा आपल्या कानानं ऐकायचं. दागिना मागता येतो, लुगडं मागता येतं. हे मागायचं कसं?

मागायची वेळ आली ती चन्नप्पामुळं. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला चन्नप्पाचं दुकान होतं. लिंगायत वाणी, बाप किराणा विकायचा, यानं घड्याळं, स्टोव्ह आणि फोनो दुरुस्त करायला घेतले, आणि लग्नाला भाड्यानं द्यायला एक लाउडस्पीकर आणला. कपाळाला भस्म आणि बोटाला मशिनीचं तेल, असा त्याचा अवतार. फोनोच्या स्प्रिंगा आणायला हैदराबादेला गेला असता त्याची एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाशी गाठ पडली. त्याला खेड्यातली गाणी हवी होती. चन्नप्पा म्हणाला, आमच्याकडं एक धनगर आहे, तो गायला लागला की मेंढरं चरायची थांबतात. ही थाप होती. मेंढरं कशानंच चरायची थांबत नाहीत. पण बोलावणं आलं.

निघायच्या दिवशी सकाळी कासाबाई भाकरी बांधत होती. भिवराबाई अंगणात गाडीवानाला शिव्या देण्यात गुंतलेली. तेवढ्या वेळात जे बोलायचं ते बोलून घ्यायला हवं होतं.

“समदे देव घ्या,” ती म्हणाली. “एक बी सोडू नका.”

“हां.”

“देव झाले की मंग गोष्ट हाय. नदीची.”

“हाय.”

“त्या बाईला कायतरी नाव लागंल.”

भुजंगानं फडक्याची गाठ दोनदा ओढून बघितली. ती चांगली घट्ट होती. मग म्हणाला, “बगू.”

दुसऱ्याचं वचन आणि भुजंगाचं ‘बगू’ यांची किंमत सारखीच होती. कासाबाईला ते पुरलं. गाडी पिंगळीच्या स्टेशनाकडं वळेपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती, आणि सासूनं “कामून उभी हायस?” म्हणून विचारलं तर म्हणाली, “उगंच.”

आता हैदराबादेत काय झालं ते अंगदानं पुढं वर्षभर पारावर सांगितलं, आणि दर खेपेला त्यात एक खोली आणि एक साहेब वाढत गेला. त्यातलं वजा जाता उरतं ते असं. भिंतींना गाद्या लावलेली एक खोली होती. समोर काच, काचेमागं साहेब. लाल दिवा लागला की गायचं, विझला की थांबायचं. एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडं, दोन बाजू, संपलं. बाहेर कव्वाल मंडळी ताटकळली होती, त्यामुळं चुकलं तर पुन्हा घेणं नाही.

रात्रभर चालणारी ओवी तीन मिनिटांत कशी बसवायची, हे साहेबानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. कारण यांच्या डोक्यात सुंबरान होतं. गोष्ट सुरू करायच्या आधी सुंबरान मांडावं लागतं, म्हणजे आसपासच्या सगळ्या देवांची नावं घेऊन त्यांना बोलवावं लागतं. एखादा राहिला तर तो कुणाच्या तरी मेंढरांवर राग काढणार. लाल दिवा लागला. भुजंगानं झरीच्या बिरोबापासून सुरुवात केली, वेशीचा मारुती घेतला, मरीआई घेतली, पिंगळीच्या माळावरचा म्हसोबा घेतला, परभणीचे पीरसाहेब घेतले, आणि नदीकाठच्या देवांना हात घालणार तोच दिवा विझला. एक बाजू संपली.

“हरकत न्हाई,” अंगद म्हणाला म्हणे, “दुसऱ्या बाजूवर गोष्ट.”

पण सुंबरान मध्येच मोडलं तर पुढून धरत नाहीत. ते पहिल्यापासून मांडावं लागतं. हे धनगराच्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्यांदा लाल दिवा लागला आणि भुजंगानं पुन्हा झरीचा बिरोबा धरला.

या खेपेला त्यानं घाई केली. देवांना असं पळवलं की झीलकऱ्यांना धाप लागली. नदीकाठचे देव झाले, पाथरीच्या वाटेवरचा येताळ झाला, आणि दिवा विझला.

भुजंग परत आला तेव्हा कासाबाईनं त्याच्या पायावर पाणी घातलं. मग तिनं वर बघितलं.

“देवांतच सरलं,” भुजंग म्हणाला. “गोष्ट ऱ्हायली.”

मग मेंढरांच्या वाड्यात दोघं थोडा वेळ बोलत बसले. एवढे शब्द भुजंगानं बायकोवर एका वेळी कधी खर्चले नव्हते, असं कस्तुराबाईचं म्हणणं. तिनं कुडाला कान लावला होता, पण नेमकं एक कोकरू ओरडत राहिलं. त्यानंतर भुजंग मेंढरं घेऊन चराईला गेला, आणि रेकॉर्ड आली तेव्हा तो गावात नव्हता.

ती आली त्या बाजाराच्या दिवशी चन्नप्पानं दुकानाच्या छपरावर कर्णा चढवला. काळीभोर तबकडी, मधोमध लाल कागद, त्यावर भुजंगाचं नाव. कासाबाई सासूबरोबर गाडीनं आली होती, आणि गर्दीत न शिरता भिंतीला टेकून उभी राहिली. चन्नप्पानं चावी दिली, सुई टेकवली, आणि नवऱ्याचा आवाज छपरावरून खाली आला. भिवराबाईनं हात जोडले. बिरोबा आला, मारुती आला. पिंगळीकरांनी “आला, आमचा म्हसोबा आला!” म्हणून टोप्या उडवल्या. पीरसाहेबांचं नाव आलं तसं बाजूच्या अत्तरवाल्यानंही मान झुकवली. एक बाजू संपली. चन्नप्पानं तबकडी उलटली. पुन्हा बिरोबा. भिवराबाईनं पुन्हा हात जोडले.

“अरे, हे तर तेच हाय!” कुणीतरी ओरडलं.

“देव बदलत न्हाईत, बाबा!” भिवराबाईनं तिथल्या तिथं त्याला गप्प केलं.

देव भराभर गेले. पाथरीचा येताळ आला. त्याच्यामागं, अगदी शेवटी, भुजंगाच्या आवाजात एक अक्षर आलं. ‘का’. आणि सुई नुसतीच खरखरत आत सरकली.

मग एकदम सगळे बोलायला लागले. का काय? का म्हणजे कोण? कोणता देव? चन्नप्पानं पुन्हा लावली. पुन्हा ‘का’.

भिंतीशी उभ्या असलेल्या कासाबाईनं पदराचं टोक दातांत धरलं. तिला एक गोष्ट कळली होती जी बाजाराला कळली नाही. तो ‘का’ गाण्यातला नव्हता. देवांची नावं त्यानं वरच्या, ओढलेल्या आवाजात म्हटली होती; तो आवाज साऱ्या गावाचा. हे अक्षर खालच्या आवाजातलं होतं, वाड्यात, चुलीपाशी, बाजेवर बसून बोलायचा तो. तेवढा आवाज तिचा होता.

रेकॉर्ड खपली, आणि खपायचं कारण गाणं नव्हे, देव होते. ज्या गावचा देव आला त्या गावच्या हॉटेलवाल्यानं ती घेतली. ज्यांचा राहिला ते चन्नप्पाशी भांडायला आले. पाथरीचे लोक फक्त दुसरी बाजू लावायचे, कारण त्यांचा येताळ तिथंच होता. पहिल्या बाजूला त्यांनी सुईसुद्धा लावली नाही. आणि सगळीकडं शेवटचा तो ‘का’ ऐकायला माणसं माना पुढं काढून बसायची. त्यातूनच ती हैदराबादची बाई जन्माला आली.

पाणवठ्यावर बायका कासाबाईला सोडत नव्हत्या.

“कोन गं ही का?”

“तुमालाच ठाव.”

“सवत हाय न् असं बोलायलीस? चांगलं भांड की.”

“आली म्हंजे भांडीन. एकटीशी कसं भांडू?”

बायका हसायच्या. तिचं नाव ‘का’वरून सुरू होतं हे तिथं एकीच्याही ध्यानात यायचं नाही, आणि हाक मारताना मात्र सगळ्या म्हणायच्या, कासाबाई.

मग बन्सीधर उठला. परभणीत त्याचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि तमाशाच्या जाहिराती छापायचा. रेकॉर्ड चालते म्हटल्यावर त्यानं आण्याला एक अशी गाण्याची चोपडी काढायचं ठरवलं. मजकूर ऐकून लिहिला. शेवटी अडला. कासाबाई लोकर घेऊन त्याच रस्त्यानं चालली होती, तिला त्यानं दारातूनच हाक मारली.

“वहिनी, तुमी तरी सांगा. का च्या पुढं काय छापू?”

कासाबाईच्या डोक्यावर लोकरीचं गाठोडं होतं. तिथं छापायचे खिळे जुळवणारे दोघं, बन्सीधर, आणि चहावाला. चार परके पुरुष. ‘माझं नाव छापा’ असं तोंडानं म्हणायचं? तिनं गाठोडं सावरलं.

“तुमाला वाटंल ते,” ती म्हणाली, आणि रस्ताभर स्वतःच्या जिभेला शिव्या देत गेली.

बन्सीधराला वाटलं ‘काळूबाई’. दुसऱ्यांदा छापताना त्याला वाटलं ‘कामिनी’, आणि मुखपृष्ठावर नथ घातलेली एक बाई आली. ती चोपडी पहिलीपेक्षा दुप्पट खपली.

त्यानंतर मुंजाजीचा बँड. मुंजाजी म्हणजे परभणीच्या लग्नांतला बँडमास्तर, लाल कोट, सोनेरी झुपके, आणि क्लॅरिओनेट. त्यानं ती ओवी वरातीच्या चालीवर बसवली. देवांची नावं वाजवता येत नाहीत, पण वरातीत कोण विचारतो? शेवटच्या ‘का’ला तो क्लॅरिओनेटमधून बदकासारखा एक आवाज काढायचा आणि भुवया उडवायचा. पोरं वेडी व्हायची. कासाबाईनं ते एकदा ऐकलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मग चन्नप्पानं रेडिओ घेतला आणि निरोप पाठवला की भुजंगाची ओवी रेडिओवर लागणार. कासाबाई सासूला कसलंसं निमित्त सांगून परभणीला आली. चन्नप्पाची बायको महादेवी हिनं तिला दुकानामागच्या खोलीत पाटावर बसवलं. महादेवीचं माहेर बिदरकडचं, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, तोंडात पान, आणि मनात दुसऱ्यांच्या संसाराची भारी आस्था. रेडिओवर ओवी लागली. बिरोबा, मारुती, म्हसोबा, पीरसाहेब. पहिली बाजू संपली आणि बाजारभाव सुरू झाले.

“दुसरी?” कासाबाईनं विचारलं.

“दोन्हीकडं तेच आहे म्हणून एकच लावली असेल,” महादेवी म्हणाली.

“तेच न्हाई,” कासाबाई म्हणाली.

अशी ती ओवी तबकडीतून कर्ण्यात, कर्ण्यातून चोपडीत, चोपडीतून बँडात आणि बँडातून हवेत गेली. प्रत्येक ठिकाणी त्या अक्षरापुढं कुणी ना कुणी आपापलं काही भरलं, किंवा ते अक्षरच गाळलं. भरायचं ते भरू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मेंढरांमागं होता.

तो परत आला त्या उन्हाळ्यात अंगदाच्या मुलीचं लग्न निघालं. मुंजाजीचा बँड झरीत आला. मांडवात जेवणं उरकून माणसं पान खात बसली होती. मुंजाजीनं क्लॅरिओनेट मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, “बुवा, आज तुमीच हायत, तर इचारतो. त्या का च्या पुढं काय हाय? मला नीट वाजवता येईना.”

सगळा मांडव पुढं सरकला. अंगद, जो वर्षभर ‘मला ठाव हाय पण सांगनार न्हाई’ म्हणून पारावर फुकटच्या विड्या ओढत होता, तोही मान पुढं काढून बसला. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. गाताना त्याचे डोळे मिटलेले असायचे आणि एक बोट कानात. बायकांच्या बाजूला कासाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला वाटलं, आता नुसतं म्हणायचं आहे. कुणी नाव ठेवणार नाही, सगळ्यांनीच विचारलंय. ‘का’ आणि पुढची तीन अक्षरं.

भुजंगानं वर बघितलं. त्याला ती दिसली. तांब्यासकट दिसली. तिच्या शेजारी भिवराबाई बसलेली दिसली.

“देवाचं नाव हाय,” तो म्हणाला.

“कोनत्या?”

“काळूबाईचं.”

“घ्या!” मुंजाजी म्हणाला. “पयल्या चोपडीत बरोबर व्हतं की!”

मांडव हसला आणि कुणीतरी सुपारी मागितली. कासाबाईनं पाणी वाढायचं ते वाढलं.

संध्याकाळी वाड्यात मेंढ्या आत घेताना ती म्हणाली, “देवाचं म्हनं.”

“मंग काय म्हनू? माय बसली व्हती.”

“आत्ता न्हाई बसलेली.”

भुजंग कोकरू चाचपत राहिला.

“तुमाला येतं तरी का माजं नाव?”

“येतंय की.”

“मंग म्हना.”

भुजंगानं तोंड उघडलं. कुडापलीकडं कस्तुराबाईचं जोडवं वाजलं. त्यानं कोकरू उचलून बायकोच्या हातात दिलं. “ह्याला पाज,” तो म्हणाला. “सकाळपून उपाशी हाय.”

कासाबाईनं कोकरू घेतलं. रागही आला आणि हसूही. अजून वेळ आहे, असं तिला वाटलं. माय म्हातारी झाली, कुडापलीकडची बाईही कधीतरी लेकीकडं जाईल, आणि हा माणूस काही पळून जात नाही.

परभणी मुंबई राज्यात गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात भुजंग मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेला. तिकडं ताप आला. दवाखाना दूर, आणि दुखणं सांगायची त्याला सवय नव्हती. मेंढरं सोबतच्या अंगदानं परत आणली. त्यानं कासाबाईसमोर भुजंगाचं घोंगडं ठेवलं.

“काय म्हनले का?” कासाबाईनं विचारलं. “शेवटाला?”

“मेंढरं मोजली का, म्हनला.”

“आनखी?”

“न्हाई.”

त्यानंतर कासाबाई दर बाजारी चन्नप्पाच्या दुकानात येऊ लागली. लोकर विकायची, मीठमिरची घ्यायची, आणि दुकानामागच्या खोलीत पाटावर बसायची. महादेवी दुकानातून फोनो आणि तबकडी आत आणायची. चन्नप्पा कुरकुरायचा. बाजारात आता सिनेमाची गाणी मागतात, ही एकच शिल्लक राहिलीय, सुयाही महागल्यात, असं काहीबाही. महादेवी म्हणायची, “तुमच्या लग्नातलं घड्याळ तेवढं दुरुस्त करा आधी, मग दुसऱ्यांच्या सुया मोजा.”

तबकडी झिजत चालली. आधी बिरोबा पुसट झाला, मग मारुती. देव एकेक करून खरखरीत बुडायला लागले. महादेवीनंच तोड काढली. “सगळी कशाला लावायची? सुई शेवटीच ठेवू. तुला ऐकायचं तेवढंच ऐक.”

“देव रागावतील.”

“त्यांचं दोनदा ऐकून झालंय. तुझं एकदा तरी होऊ दे.”

मग सुई थेट येताळाच्या शेपटाला टेकवायची. खर्र, का, खर्र. महादेवी उचलून पुन्हा टेकवायची. पण एकाच ठिकाणी इतकी सुई फिरल्यावर तेही किती टिकणार? महाराष्ट्राचं नवं राज्य झालं त्या साली, गावोगाव मिरवणुका निघाल्या होत्या आणि मुंजाजीच्या बँडाला उसंत नव्हती, तेव्हा कासाबाई अशीच एका बाजारी आली. महादेवीनं सुई टेकवली. खर्र. पुन्हा टेकवली. खर्र.

“आलं का गं?” महादेवीनं विचारलं.

“आलं.”

“मला नाही ऐकू आलं.”

“हळू आलं.”

बाहेर मिरवणूक दुकानावरून गेली. मग महादेवीनं पान बाजूला ठेवलं, आणि इतकी वर्षं पोटात धरलेलं विचारलं. “कासाबाई, खरं सांग. कुणाला सांगायची नाही मी. ते तुझंच नाव होतं ना?”

कासाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचं लक्ष फिरणाऱ्या तबकडीकडं होतं.

“पुन्ना लावा,” ती म्हणाली.

महादेवीनं पुन्हा लावली, आणि परभणीतल्या बायकांना पुढं खात्रीनं सांगितलं की ते नाव कासाबाईचंच होतं. हैदराबादची बाई त्या दिवसापासून मोडीत निघाली, आणि लोकांनी ही नवी बातमीही तितक्याच आवडीनं घेतली.

खरी गोष्ट अशी. लाल दिवा विझला तो भुजंगाला दिसला नाही. साहेबानं काचेमागून हात वर करून त्याला थांबवलं. भुजंगानं विचारलं, “कामून?” त्यातलं पहिलं अक्षर रेकॉर्डमध्ये गेलं आणि बाकीची दोन बाहेर राहिली. हैदराबादेहून आला त्याच दिवशी, मेंढरांच्या वाड्यात, त्यानं हे कासाबाईला सांगितलं होतं.